एक खराब शीट

एकतीस वर्षं मी नोटा तपासल्या
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, ट्यूबलाइटखाली, चौथ्या टेबलावर.
फुटलेली शाई, सरकलेली रेघ, अर्धा उठलेला आकडा,
बोटांना आधी कळायचं, डोळ्यांना मागून.

मंगळवारी सातचा भोंगा झाला तेव्हा मी ठीक होते.
हे नक्की, कारण भोंगा झाला की अजून
माझे पाय चपला शोधतात,
रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी.

मग सायकलवरचा भाजीवाला आला.
मी म्हणाले, कोथिंबीर.
म्हणजे म्हणायचं होतं.
तोंडातून निघालं ते ओल्या पोत्यासारखं काहीतरी.
तो हसला. मावशी, कवळी बसवली का?
जुडी त्याने माझ्या डाव्या हातात दिली,
ती खाली पडली.
हात माझाच होता, बांगड्याही माझ्याच,
पण न सांगता रजेवर गेल्यासारखा लोंबत होता.

बेसिनवरच्या आरशात पाहिलं.
जुनी सवय: उजवी बाजू, डावी बाजू,
मग मनातल्या मनात एकीवर दुसरी ठेवायची.
डाव्या ओठाची कड खाली आली होती,
दोन सूत, जास्त नाही.
हसून बघितलं.
अर्धंच छापलं गेलं.

आणि खाली बसून, भिंतीला पाठ टेकून,
दहा मिनिटांत सगळं परत आलं.
बोटं मिटली, उघडली.
कोथिंबीर, मी म्हणाले. कोथिंबीर, कोथिंबीर.
स्वच्छ. थिवरच्या वेलांटीसकट.

इथेच माणूस फसतो.
पित्त असेल. रात्री झोप नव्हती. काल लोणचं जरा जास्त झालं.
कपाटात गोळ्यांची पट्टी, मागच्या गुरुवारपासून न फुटलेली,
कारण मला बरं वाटत होतं,
कारण बीपी काही चपलेतला खडा नाही
पावलागणिक टोचायला.
पाहणारं कोणी नव्हतं. भाजीवाला गल्लीच्या टोकाला पोचलेला.
मी उठून पोह्याला कांदा चिरायला घेतला.
अर्धा चिरलासुद्धा.

तेव्हा कस्तुराबाई आठवल्या.
माझं पहिलं वर्ष. एक शीट खराब निघाली,
खालच्या दोनशे चकचकीत, म्हणून मी ती बाजूला सरकवून गप्प बसले.
बाईंनी ती उचलली, उजेडासमोर धरली.
पुढच्या चांगल्या आल्या म्हणून मशीन चांगलं झालं का गं?
खराब शीट म्हणजे मशीन बोललंय. एकदाच बोलतं कधीकधी.
आणि सगळी पाळी थांबवली.
माझ्यासमोर, सुपरवायझर आरडाओरडा करत असताना.

मी गॅस बंद केला. खालच्या रेबेकाला हाक मारली.
ती म्हणाली, लिंबूपाणी देते, जरा पड.
म्हटलं पडायचं नाही, एकशे आठ लाव,
आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नको,
डोक्याचा फोटो निघतो तिथे.
दोन बायका, एक शाल, पोह्याची परात तशीच.

डॉक्टर अगदी पोरगा, अकोल्याकडचा.
शेवटचं ठीक कधी होतात, आजी?
भोंग्याला.
त्याला काही उमजेना.
सात वाजता, मी म्हणाले, आणि सव्वासातला जुडी पडली.
त्याने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं.
इतकं कुणी सांगत नाही, म्हणाला.
वरचा आकडा एकशे शहाण्णव होता.
मी मान वळवली नाही. आकडे वाचायची मला भीती नाही,
आठ दिवस तेवढी वाटली होती.

आता सकाळी भोंगा झाला की आधी गोळी,
मग आरशापुढे हसते, दोन्ही हात वर धरते,
आणि मोठ्याने म्हणते: कोथिंबीर.
भाजीवाल्याला वाटतं त्यालाच हाक.
तो सायकल टेकवतो, जुडी काढतो,
आणि नाही म्हणायला मला जीभ होत नाही.
फ्रिज हिरवागार झालाय.
रेबेका म्हणते, अगं, दुसरा एखादा शब्द शोध.